१९४८ चं गॅरेज, कुजलेली उत्तरेची भिंत आणि नसलेलं जोतं

आधी परिस्थिती सांगतो. मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या उत्तरेला एका जुन्या वस्तीत आमचं घर आहे, आणि घरामागे सुटं, एकट्याने उभं असलेलं एका गाडीचं गॅरेज. सिटीच्या रेकॉर्डला वर्ष १९४८. रुंदी १४ फूट, लांबी २२ फूट, वर दोन पाखी छप्पर, आढं पुढून मागे जाणारं. भिंती म्हणजे तुमच्या-आमच्या विटांच्या नव्हेत, लाकडी सांगाडा. खाली आडवी प्लेट (म्हणजे आडवं टाकलेलं लाकूड), वर आडवी प्लेट, मध्ये दर १६ इंचाला उभे स्टड, म्हणजे लाकडी दांडे, आणि बाहेरून थेट स्टडवर ठोकलेल्या साइडिंगच्या फळ्या. मध्ये प्लायवूड वगैरे काही नाही. त्या काळी गॅरेजला कोण एवढं करतंय.

घर घेतलं तेव्हाच दिसत होतं की गॅरेज उत्तरेला जरा झुकलंय, पण होम इन्स्पेक्शनमध्ये एक ओळ होती, 'देखरेख ठेवा', आणि आम्ही इमानेइतबारे चार वर्षं नुसतीच देखरेख ठेवली. मग एका मार्चमध्ये शटर खाली येईना. खाली आलं तरी एका कोपऱ्यात त्रिकोणी फट राहायची, आणि त्या फटीतून खार आत येऊन बायकोच्या कुंड्यांची माती उकरायची, त्यामुळे विषय घरात रोजचा झाला.

तेव्हा बाबा सहा महिन्यांसाठी आलेले होते. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, घर कौलारू, आणि बाबांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं असलं तरी खरी हौस म्हणजे दर मे महिन्यात सुतारासोबत छपरावर चढून वासे तपासणं. त्यांनी गॅरेजभोवती एक फेरी मारली, माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि उत्तरेच्या भिंतीच्या बुडाशी दाबला. पिकल्या फणसात बोट जावं तसा तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओलसर तपकिरी भुसा. बाबा म्हणाले, "अरे, ह्याला जोतंच नाही. लाकूड मातीत उभं केलंय." पुढच्या चार महिन्यांचं सगळं काम खरं तर ह्या एका वाक्यात होतं, मला ते कळायला बराच वेळ लागला एवढंच.

नक्की झालं काय होतं

मला वाटत होतं की भिंत कुजली म्हणून गॅरेज झुकलं. ते अर्धंच खरं होतं. दोन वेगळी दुखणी होती आणि दोन्ही एकाच भिंतीवर आली होती.

पहिलं पाण्याचं. उत्तरेची भिंत शेजाऱ्याच्या कुंपणापासून फक्त १४ इंचांवर. त्या चिंचोळ्या पट्टीत सत्तर वर्षं पालापाचोळा साचून त्याची माती झाली, त्यात आधीच्या कुणीतरी फुलांचा वाफा करायचा म्हणून अजून माती टाकली, आणि बाहेरची जमीन हळूहळू गॅरेजच्या तळाच्या काँक्रीट स्लॅबच्याही वर पाच इंच आली. म्हणजे खालची प्लेट जमिनीखाली गेली. वर गटर नाही, त्यामुळे सगळ्या पागोळ्या त्याच पट्टीत पडायच्या आणि उडालेलं पाणी साइडिंगवर. आत्ताच्या कोडप्रमाणे, म्हणजे इथल्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे, उघड्या जमिनीपासून ८ इंचांच्या आत काँक्रीटवर टेकणारं लाकूड प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाने औषध मुरवलेलं) नाहीतर मुळातच न कुजणाऱ्या जातीचं लागतं, आणि लाकडी साइडिंग जमिनीपासून निदान ६ इंच वर. आमच्याकडे साधं पाइन मातीत गाडलेलं. २२ फुटांपैकी १५ फूट प्लेट नावालाच उरली होती आणि स्टडचे पाय ७-८ इंचांपर्यंत गेलेले.

दुसरं दुखणं वर होतं आणि ते मी आधी पाहिलंच नव्हतं. वाशांची जोडी आढ्याला टेकून उभी असते, छपराचं आणि बर्फाचं वजन आलं की तिचे पाय बाहेर फाकायला बघतात, ओल्या शहाबादी फरशीवर माणसाचे फाकतात ना तसे. ते फाकू नयेत म्हणून ह्या भिंतीच्या माथ्यापासून त्या भिंतीच्या माथ्यापर्यंत आडवे ताण टाकतात, इथे त्यांना राफ्टर टाय म्हणतात. आमच्या गॅरेजला असे सहा होते. मधले तीन कुणीतरी करवतीने कापून टाकलेले, बहुतेक उंच काहीतरी आत ठेवायचं असणार, टोकं अजून भिंतीवर शिल्लक होती. वर आढ्याजवळ लहान लहान आडव्या पट्ट्या होत्या, त्या बघून मला वाटायचं की ताण आहेत की. पण त्या वरच्या, म्हणजे कॉलर टाय, वाऱ्याने आढं उघडू नये म्हणून. पाय फाकणं त्यांनी थांबत नाही, त्यासाठी ताण खालच्या अंगाला, भिंतीच्या माथ्याजवळच लागतो. ओळंबा सोडला तर उत्तरेच्या भिंतीचा माथा मधोमध सव्वादोन इंच बाहेर. दक्षिणेचा अर्धा इंच. उत्तरेचा जास्त कारण तिचे पायच गेले होते.

आणि एक किरकोळ तिसरं, मागच्या भिंतीत खिडकीखाली मुंगळे. मी घाबरून वाळवी म्हणालो, पण बाबांनी बघितलं आणि मान हलवली. वाळवीची वाट मातीने भरलेली असते, ही पोकळी आतून स्वच्छ गुळगुळीत, रंधा मारल्यासारखी, आणि खाली लाकडाचा कीस सांडलेला. इथले कार्पेंटर अँट लाकूड खात नाहीत, ओलं मऊ लाकूड पोखरून आत घर करतात. ओल गेली की त्यांचाही मुक्काम हलतो. दोन स्टड आणि खिडकीची चौकट बदलली, आजूबाजूला बोरेटचं द्रावण मारलं, विषय संपला.

पाडून नवीन का नाही बांधलं

हा प्रश्न सगळ्यांनी विचारला, त्यामुळे सविस्तर. दोन कंत्राटदार येऊन गेले. एकाने पाडून नवीन बांधायचे ३८ हजार डॉलर सांगितले, दुसऱ्याने पाच मिनिटं बघून "आगकाडी लाव" म्हटलं आणि तो परत आलाच नाही. पैशांपेक्षा मोठी अडचण हद्दीची होती. आजच्या नियमाने गॅरेज हद्दीपासून आत सरकवायला लागतं, आमचं आहे १४ इंचांवर. आहे तसं आहे तोवर ते जुनं म्हणून चालतं, पण एकदा पूर्ण पाडलं की ती सवलत गेली, नवीन गॅरेज आत सरकणार, ड्राइव्हवे त्याच्या रेषेत राहणार नाही आणि मागच्या अंगणातलं मेपलचं झाड काढावं लागणार. म्हणून सिटीच्या ऑफिसात जाऊन आधी विचारलं. खिडकीवरच्या बाईंनी फार चांगलं सांगितलं, दुरुस्ती करा, एका वेळी एक भिंत, छप्पर जागेवर ठेवा, आणि कितीपर्यंतच्या कामाला दुरुस्ती म्हणायचं ते लेखी घेऊन ठेवा. प्रत्येक गावाचा हा नियम वेगळा असतो, त्यामुळे करवतीला हात लावायच्या आधी हा कागद हातात घ्याच.

परमिट लागलं. २०० चौरस फुटांपर्यंतच्या साध्या शेडला साधारणपणे सूट असते, आमचं ३०८. स्वतःच्या राहत्या घराचं काम स्वतः करणार असाल तर मालकाच्या नावाने परमिट मिळतं. मला धास्ती होती पायाची. इथे जमीन गोठते म्हणून पाया ४२ इंच खोल न्यायची पद्धत आहे आणि आमच्या गॅरेजखाली नुसता चार इंचांचा स्लॅब, पाया असा नाहीच. पण कोडमध्ये ६०० चौरस फुटांपर्यंतच्या, हलक्या लाकडी सांगाड्याच्या, कमी उंचीच्या सुट्या गॅरेजला त्यातून सवलत आहे, म्हणजे स्लॅब तरंगता चालतो, थंडीत सगळं मिळून थोडं वर जाईल आणि मिळून खाली येईल. फक्त हद्दीजवळच्या भिंतीला आतून आग रोखणारं ५/८ इंची जिप्सम बोर्ड लावा असं प्लॅन तपासणाऱ्याने लाल पेनाने लिहून दिलं. लावलं.

आणि रंग. १९७८ च्या आधीचं काहीही असलं की शिशाचा रंग धरूनच चालायचं, तपासणीची काडी घासली तर लगेच लाल झाली. त्यामुळे कोरडं घासणं बंद, फळ्या ओल्या करून काढायच्या, खाली प्लास्टिक, तोंडाला चांगला फिल्टरवाला मास्क, आणि मुलांना त्या बाजूला बंदी. धाकटीने बंदीचा बोर्ड रंगवून दिला.

कामाचा क्रम, आणि तो कसा चुकला

क्रम कागदावर असा होता: आधी ताण, मग भिंत ओढून सरळ, मग छप्पर उचलून धरायचं, मग कापाकापी. उलटं केलं, म्हणजे कुजलेले पाय आधी कापले, तर फाकलेलं छप्पर उरलेल्या भिंतीला अजून ढकलणार. यूट्यूबवर बरेच जण पाय आधी कापतात. माझं मत विचाराल तर ते नशीबवान आहेत.

ओढायला दोन कम-अलाँग भाड्याने आणल्या, दांडा मारत मारत स्टीलची तार ओढणारं यंत्र. उत्तरेच्या माथ्याच्या प्लेटपासून दक्षिणेच्या माथ्यापर्यंत तार. पण त्याआधी दक्षिणेच्या भिंतीला आतून तिरके टेकू दिले, नाहीतर कुजकी भिंत जागेवर आणि चांगली भिंत आत असं व्हायचं. रोज संध्याकाळी ऑफिसनंतर प्रत्येकी दोन-तीन खटके, मग थांबायचं. लाकूड कुरकुरायचं, एखादा जुना खिळा टण्ण करून बोलायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तार थोडी सैल झालेली असायची, म्हणजे लाकडाने मानलं. घाई केली असती तर खिळे उपटून आले असते. नऊ दिवसांत सव्वादोन इंचांचे झाले अर्धा इंच, आणि तिथे मी थांबलो. दोन इंच बाय सहा इंचांचे, १४ फूट लांबीचे तीन नवे ताण टाकले, वाशाला आणि प्लेटला भरपूर खिळे, आणि जुन्या तीन ताणांनाही जास्तीचे खिळे मारले, त्यांना प्रत्येक टोकाला फक्त दोन होते.

मग छप्पर पेलायचा प्रश्न. इथे आमची एक अख्खी रविवारची दुपार गेली. सगळीकडे दाखवतात तसं मी केलं, भिंतीपासून दोन फूट आत, ताणांच्या खालून एक जाड तुळई, तिच्याखाली दर चार फुटांवर खांब, खांबाखाली जॅक. एकदम भक्कम. कॉफी पीत फोटो काढला, भावाला पाठवला.

बाबा स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "भिंत आत कुठनं आणणार?"

आता ह्यात मेख अशी की बाहेर फक्त १४ इंच जागा. बाहेरून प्लायवूड ठोकणं, साइडिंग लावणं, रंग देणं काहीच शक्य नाही. त्यामुळे भिंतीचा तुकडा आत जमिनीवर आडवा बांधायचा, बाहेरची बाजू वर ठेवून त्यावर प्लायवूड, कागद, साइडिंग, रंगाचे दोन हात, सगळं पूर्ण करायचं, आणि मग तो बुडाशी टेकवून आतूनच उभा करायचा, म्हणजे रंगवलेली बाजू आपोआप बाहेर जाते. बाबांनी सुतळी घेतली, भिंतीच्या उंचीएवढी साडेऐंशी इंच मोजली, एक टोक भिंतीच्या बुडाच्या जागी खिळ्याला बांधलं आणि दुसरं टोक हातात ताणून जमिनीपासून वर वर नेत हवेत कमान काढली. कमान तुळईवर जाऊन आपटली. भिंत स्लॅबवर नाही, ब्लॉकच्या थरावर बसणार (ते पुढे येतंच), म्हणून दोन फूट आत असताना भिंतीचा माथा स्लॅबपासून ८६ इंचांवर असणार होता आणि माझ्या तुळईचं बूड होतं ८१ वर. भिंत उभीच राहिली नसती. वर ते चार चार फुटांवरचे खांबही आडवे आलेच असते.

सगळं सोडलं. तुळई ताणांच्या वर घातली, भिंतीपासून तीन फूट आत, जिथे ताण आणि वासे यांच्यामध्ये पुरेशी जागा मिळते. तुळई आणि प्रत्येक वाशामध्ये लाकडी पाचर ठोकली, आणि खांब ताणांच्या मधून वर थेट तुळईला नेले, आठ आठ फुटांवर. २२ फुटांच्या भिंतीचे ७ फूट ४ इंचांचे तीन तुकडे केले, म्हणजे प्रत्येक तुकडा दोन खांबांच्या मधून जाईल. खांबाखाली स्लॅबवर जाड फळ्या, वजन पसरायला. उन्हाळा होता, छपरावर बर्फ नाही, म्हणून आठ फुटांचा गाळा चालला. हिवाळ्यात मी केलं नसतं.

जॅक किती उचलायचा याचंही गणित बाबांनीच घातलं, आणि मला ते फार आवडलं. भिंत नुसती उंच नाही, तिला जाडी पण आहे, फ्रेम, प्लायवूड, साइडिंग मिळून पावणेपाच इंचांच्या आसपास. तिरकी होऊन उभी राहताना तिचा कर्ण उंचीपेक्षा मोठा असतो. साडेऐंशीचा वर्ग अधिक पावणेपाचचा वर्ग, वर्गमूळ काढा, उत्तर येतं साडेऐंशी आणि वर साधारण एक सूत. आपल्याकडे सुतार इंचाचे आठ सूत धरतात, अमेरिकन टेपवर ते १/८ म्हणून लिहिलेलं असतं, बाकी तेच ते. म्हणजे छप्पर निदान एक सूत उचललं पाहिजे, नाहीतर भिंत शेवटच्या क्षणी अडकणार. आम्ही तीन सूत उचललं, एका वेळी एक सूत, सगळ्या जॅकवर फिरत फिरत.

जोतं

आता मुख्य काम. पहिल्या तुकड्याएवढी जुनी भिंत कापून काढली, बाहेरची माती स्लॅबच्या खाली चार इंचांपर्यंत उकरली (खणायच्या आधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या लाइनींच्या खुणा करून घेतल्या, फुकट असतं, करा), आणि स्लॅबच्या कडेवर काँक्रीट ब्लॉकचा एक थर लावला. ब्लॉक आठ इंची म्हणतात पण असतो ७-५/८, बाकीचे तीन सूत मॉर्टरचे. स्लॅबला भोकं पाडून त्यात सळ्यांचे तुकडे इपॉक्सीने बसवले, ते ब्लॉकच्या पोकळीत वर आले, पोकळ्या काँक्रीटने भरल्या आणि ओलं असतानाच त्यात अर्धा इंची अँकर बोल्ट खोवले. नियम असा की सहा फुटांपेक्षा लांब नकोत आणि प्लेटच्या प्रत्येक टोकापासून फूटभराच्या आत एक हवाच.

थर लावून झाला तेव्हा बाबांनी चपलेने त्यावर हलकेच ठोकलं आणि म्हणाले, "आता घर झालं." गावच्या घराला चिऱ्याचं जोतं गुडघ्याच्या वर आहे, पडवीच्या खांबांखाली तळखडे आहेत, आणि ते कशासाठी हे मी कधी विचारलंच नव्हतं, पावसाळ्यात वर बसायला बरं म्हणून असेल असंच धरून चाललो होतो.

ब्लॉकवर फोमची पट्टी, तिच्यावर प्रेशर ट्रीटेड प्लेट बोल्टने आवळली, आणि त्या प्लेटवर भिंतीच्या तुकड्याची स्वतःची प्लेट येणार, जिला नटांच्या जागी आधीच मोठी भोकं पाडून ठेवली. हे दोन प्लेटचं प्रकरण मुद्दाम, कारण उभ्या बोल्टवर अख्खी भिंत उचलून वरून घालायला दोन-तीन इंच मोकळी उंची लागते आणि आमच्याकडे होते तीन सूत. ट्रीटेड लाकडात हल्ली तांबं असतं, साधा खिळा त्यात लवकर गंजतो, म्हणून खिळे आणि वॉशर जाड गॅल्व्हनाइज्ड. दुकानात पिवळसर चमकणारे स्वस्त स्क्रू दिसतात, ते ह्यासाठी नव्हेत.

शनिवारी ब्लॉक, आठवडाभर वाळू द्यायचे, पुढच्या शनिवारी भिंत. तीन तुकडे, सहा आठवडे. पहिला तुकडा उभा करायला मी, एक मित्र आणि पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त सुतार असे तिघं होतो, हुकूम बाबांचे मराठीत आणि त्या सुतार आजोबांचे इंग्रजीत, दोघांना एकमेकांचं शब्दभर कळत नव्हतं पण हात एकाच दिशेने दाखवायचे. भिंत वर गेली, माथा ताणाखाली आला, क्षणभर अडकल्यासारखी वाटली, मग साइडिंग ब्लॉकच्या बाहेर सरकलं आणि ती खाली बसली तेव्हा आवाज आला जुन्या ट्रंकेचं झाकण बंद होताना येतो तसा.

दुसऱ्या तुकड्यात मी माती खाल्ली. पहिल्याच्या मापाने सगळे स्टड कापून ठेवले, वेळ वाचवायला. पण गॅरेजचा स्लॅब सपाट नसतो, पाणी बाहेर जावं म्हणून शटरकडे उतार असतो. आमचा २२ फुटांत अडीच इंच. माथ्याची प्लेट मात्र सरळ. म्हणजे मागून पुढे जाताना प्रत्येक स्टड आधीच्यापेक्षा थोडा लांब हवा. आमचे स्टड आखूड निघाले, एका टोकाला चार-पाच सूत, दुसऱ्या टोकाला त्याहून जास्त. १९४८ च्या सुताराने प्रत्येक स्टड वेगळा मापून कापला होता, हे काढलेल्या जुन्या स्टडवर त्याने पेन्सिलने घातलेल्या आकड्यांवरून नंतर लक्षात आलं, मी ते आकडे आधी बघून काहीतरी हिशोब असेल म्हणून सोडून दिले होते. सहा स्टड वाया. त्यांची शेल्फं झाली.

बाकीच्या भिंती, थोडक्यात

दक्षिणेची भिंत चांगली होती, फक्त शटरजवळचे आठ फूट बुडाशी गेलेले. तिथे पूर्ण भिंत न काढता प्लेट बदलली आणि सहा स्टडना शेजारी नवीन स्टड जोडले. इथे एक गंमत कळली. १९४८ चा 'टू बाय फोर' प्रत्यक्षात १-५/८ बाय ३-५/८ इंच आहे, आजचा दीड बाय साडेतीन. नवा जुन्याशेजारी उभा केला की एक सूत मागे राहतो, आणि त्यावर फळी ठोकली की भिंतीला पोट येतं किंवा खळगा पडतो. नवीन स्टडवर एक सूत जाडीच्या पट्ट्या चिकटवल्या, प्रश्न मिटला. उत्तरेची भिंत अख्खी नवीन असल्यामुळे तिथे हे आलंच नाही. जुन्या-नव्याची सरमिसळ करताना हा एक सूत फार छळतो, आधीच ध्यानात ठेवा.

पुढच्या बाजूला शटरच्या दोन्हीकडे अडीच अडीच फुटांच्या चिंचोळ्या भिंती. गॅरेज आडवं कलू नये ही जबाबदारी पुढून त्या दोघींचीच, आणि त्यांच्यात होत्या फक्त एकेक तिरक्या पट्ट्या, त्यांचेही पाय कुजलेले. दोन्हीकडे अर्धा इंची प्लायवूड, खालच्या प्लेटपासून शटरवरच्या तुळईपर्यंत एकसंध, कडेने जवळ जवळ खिळे. शटरच्या स्प्रिंगला मी हात लावला नाही, त्यासाठी माणूस बोलावला, तो ताण हात तोडू शकतो. गॅरेजला जाणारी जुनी वीजही इलेक्ट्रिशियननेच आधी तोडली आणि नंतर नव्याने जोडली.

माती परत भरली नाही. त्या १४ इंचांच्या पट्टीत खडी, आणि छपराला गटर, त्याचं पाणी पाइपने पुढे ड्राइव्हवेच्या कडेला. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त हेच, आणि सत्तर वर्षांपूर्वी कुणी हे केलं असतं तर हा लेख झाला नसता. सामान, भाड्याची यंत्रं, परमिट, इलेक्ट्रिशियन आणि शटरवाला धरून एकूण खर्च सहा हजार डॉलरच्या थोडा आत. माझे शनिवार-रविवार त्यात धरलेले नाहीत, बायकोने धरलेत.

हिवाळ्यानंतर

सप्टेंबरात बाबा परत गेले. जाण्याआधी त्यांनी उत्तरेच्या भिंतीवर आतून तीन ठिकाणी वर खिळा मारून ओळंबे सोडले आणि खाली ब्लॉकवर पेन्सिलने बारीक रेघा ओढल्या, तारखेसह. जिप्सम बोर्ड त्या तीन जागी मी इंचभर उघडा ठेवला होता, इन्स्पेक्टरने शेवटच्या तपासणीत विचारलं हे काय, आणि मग ते बंद करायला लावलं, त्यामुळे आता ओळंबे बोर्डवरून सुटतात आणि रेघा परत ओढाव्या लागल्या.

जानेवारीत बऱ्यापैकी बर्फ पडला. फेब्रुवारीत शटर दोन दिवस खालून घासत होतं, स्लॅब गोठून पुढून वर आला असणार, मार्चमध्ये आपोआप मोकळं झालं. ब्लॉकच्या एका सांध्यात केसाएवढी चीर आहे, ती मी पेन्सिलने टोकांना खूण करून ठेवली आहे, वाढलेली नाही. मधला ओळंबा रेघेपासून पाऊण सूत उत्तरेला सरकला, बाकीचे दोन जागेवर.

हे मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी फोन जवळ न्यायला सांगितला, मग अजून जवळ, मग विचारलं, "दोरी कसली लावलीस?" नायलॉनची, म्हटलं, सुतळी तुटली होती. "मग ती आधी बदल, आणि दार लावून परत माप, वारा येतोय, दोरी हलतेय दिसत नाही का तुला?" सुतळी आणली. दार लावलं. अर्धा सूत.